कागदातली बहीण

घर घ्यायचं असो नाहीतर विकायचं, गोडोलीतली माणसं आधी सुभेदार हंबीररावांच्या बावीस पायऱ्या चढायची आणि मग बँकेत जायची. फौजेतून निवृत्त झाल्यावर माणसं काय काय करतात. कुणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसतं, कुणी गावाकडं म्हशी राखतं. या गड्यानं दुसऱ्यांची घरं तपासायचा नाद लावून घेतला होता. दलाली नाही, कमिशन नाही. वर स्वतःच्या पैशाची रिक्षा करून जायचे.

पिशवीत तीन वस्तू ठरलेल्या. एक बॅटरी, एक डायरी आणि एक काचेची गोटी. घरात शिरलं की मालकाशी रामराम करायच्या आधी गोटी फरशीवर सोडायची. ती एका कोपऱ्याकडं पळाली की सुभेदार मान हलवायचे. मग घरातले सगळे नळ एकदम सोडायचे. एकाच भिंतीला ताजा रंग दिसला की तिथं तळहात टेकवायचे. "एकच भीत का रंगवली? मागं ओल हाय." पाण्याचं मालकाला विचारायचंच नाही, शेजारणीला विचारायचं. घर एकदा उन्हात बघायचं आणि एकदा आषाढात. विकणाऱ्यालाही त्यांचा सल्ला असायचा. "घर दाखवताना गप बसायचं. हितं बारसं झालं, तितं आई गेली, असली पुराणं लावायची न्हाईत. घेणाऱ्याला भिंती पायजेत, तुमच्या आठवणी नकोत."

पण सगळ्यात मोठा सल्ला शेवटी. चष्मा कपाळावर चढवून, बोट उगारून ते म्हणायचे, "कागदात बहीण शोधा!"

त्याचं असं आहे. आपल्याकडं बाप गेला की उताऱ्यावर सगळ्या लेकरांची नावं लागतात, लेकींचीसुद्धा. लेकी लांब सासरी नांदत असतात, घरात भाऊ राहतो, आणि पाच-दहा वर्षांत सगळे विसरून जातात की कागदावर अजून बहीण बसलेली आहे. घर विकायला काढलं की ती आठवते. बहिणी वाटा मागत नाहीत. वाटा मागितला की माहेर तुटतं, ही भीती त्यांच्या हाडात मुरलेली असते. त्या हक्कसोडपत्रावर सही देतात, साडी घेतात आणि डोळे पुसत परत जातात. पण ती सही लागतेच. तिच्याशिवाय बँक दारात उभं करत नाही.

"आन् सही कशी घ्यायची?" सुभेदार विचारायचे आणि उत्तरही तेच द्यायचे. "साडी घेऊन जायचं. पोटभर जेवायचं. भाच्यांची चौकशी करायची. कागद मागनं काढायचा. वकिलाची नोटीस धाडून सही मिळत नसती गड्या, बहीण मातूर जाती."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान! ज्या बावीस पायऱ्या चढून लोक हे ऐकायला यायचे, त्या घराच्याच कागदात एक बहीण चौदा वर्षं बसून होती.

बनुबाई तिचं नाव. हंबीररावांपेक्षा सात वर्षांनी मोठी, म्हणून आक्का. बाप एसटीत ड्रायव्हर. त्यानं गोडोलीच्या चढाला तीन खोल्या बांधल्या आणि आक्काला कडेगावला दिली, ऊसवाल्या घरात. आई दुसऱ्यांच्या शेतात भांगलायला जायची, तेव्हा धाकट्या हंबीरला आक्कानंच कडेवर घेऊन वाढवलेलं. पुढं हंबीर फौजेत गेला. सव्वीस वर्षांत भाऊबीजेला घरी आला असेल तो तीनदा का चारदा. रजेवर आला तरी कडेगावला जायचं म्हटलं की, "काय काम हाय का तितं?" असं बायकोला विचारायचा. माणूस वाईट नव्हता हो, पण कामाशिवाय पाऊल उचलायचं नाही हे अंगातच भिनलेलं. नुसतं भेटायला जाणं हा प्रकार त्याला कळायचाच नाही.

बाप गेला, दोघांची नावं उताऱ्यावर लागली, आणि तेव्हापासून काम मिळालं. दर भाऊबीजेला हंबीरराव साताऱ्याहून कऱ्हाड, कऱ्हाडहून विट्याच्या गाडीनं कडेगाव असं जायला लागले. पिशवीत साडी आणि साडीखाली हक्कसोडीचा कागद. आक्का पाटावर बसवायची, ओवाळायची, पुरणाची पोळी आणि कटाची आमटी वाढायची. हात धुतले की सुभेदार तिच्या अंगठ्यासाठी कागद काढायचे. आणि मग आक्काचं सुरू.

"आज नगं रं हंबीर. भाकरी थापताना आंगठ्याला चटका बसलाय बघ. उठायचा न्हाई नीट."

पुढल्या वर्षी, "आवंदा ऊस तोडीला आलाय. तालुक्याला जायाला सवड कुणाला हाय?" त्याच्या पुढल्या वर्षी, "सणासुदीला हक्क सोडत्यात व्हय कोण? पुढल्या साली करू की." एकदा तर म्हणाली, म्हैस व्याली आहे, कामातून पाय निघत नाही. म्हशीचा आणि अंगठ्याचा काय संबंध, हे सुभेदारांना आजतागायत कळलेलं नाही.

सुरुवातीला ते हसायचे. घर विकायचं कुठं होतं तेव्हा! पण मागच्या दोन-तीन वर्षांत सुभेदारीण मालनबाईंचे गुडघे गेले. बावीस पायऱ्या म्हणजे त्यांना डोंगर झाला. दवाखान्यात जायचं तर शेजारची दोन पोरं खुर्चीत बसवून उतरवायची. महिना-महिना बाई खाली येत नसत. खिडकीत बसून रस्ता बघायच्या आणि म्हणायच्या, "आवं, मला एकदा जमिनीवर ठेवा, मग मी मेले तरी चालंल." डॉक्टर म्हणाले, लिफ्टचं घर बघा. फ्लॅट बघितला, पसंत पडला. जुनं घर घ्यायला गिऱ्हाईकही आलं. जयराज आणि शिवांजली, दोघं एमआयडीसीत कामाला, नवीन लग्न झालेलं. पायऱ्या चढताना पोरगी हसत होती. घर आवडलं. बँकेनं कागद बघितले आणि एकच ओळ लिहून परत पाठवले. बहिणीची सही नाही.

त्या भाऊबीजेला हंबीरराव कडेगावला गेले आणि जेवायच्या आधीच कागद काढला.

"आक्का, आवंदा सबब नगं. मालनचे पाय गेल्यात. गिऱ्हाईक दारात हाय."

आक्का ताटात पोळी वाढत होती. हात थांबला. म्हणाली, "पुढल्या साली करू की रं. मालनला हितं आण. मी बघती तिच्याकडं."

झालं! सुभेदारांचा तोल गेला. भाचा कृष्णात दारात उभा होता, त्याची बायको राणी चुलीपाशी होती, कशाकशाचं भान राहिलं नाही. "वाटा पायजे आसंल तर तोंडानं सांग की! वर्सानुवर्सं खेळवतीस मला? पोटात येक आन् ओठात येक. कडेगावात ऊस हाय, पोरगं हाय, तरी बापाच्या तीन खोल्यांवर डोळा!"

आक्कानं हातातली पोळी ताटात ठेवली. पदर नीट केला आणि एवढंच म्हणाली, "जेवून जा."

ते जेवले नाहीत. ताट तसंच सोडून, पिशवी उचलून गाडीला गेले. वाढलेल्या ताटावरनं उठू नये हे लहान पोरालाही माहीत असतं, आणि भाऊबीजेच्या ताटावरनं तर नाहीच नाही. पण राग म्हणजे राग. साताऱ्यात उतरले ते थेट वकिलाकडं. सहीला नकार का, पंधरा दिवसांत खुलासा करावा, नाहीतर कोर्टात वाटप मागू, अशी नोटीस रजिस्टर पोस्टानं बहिणीला गेली. वकील तसा समंजस होता. त्यानं विचारलंही, "सुभेदारसाहेब, तुम्हीच लोकांना सांगता ना नोटीस धाडू नका म्हणून?" हंबीरराव म्हणाले, "त्या लोकांच्या बहिणी येगळ्या."

नोटिशीला उत्तर आलं नाही. कोर्टात जायचा धीरही होईना. जयराजला म्हणाले, थांब. तो बिचारा थांबला. वर्ष गेलं. पुढली भाऊबीज आली तेव्हा मालनबाईंनी सकाळीच साडी काढून ठेवली आणि म्हणाल्या, "जावा. बहीण हाय ती." हंबीरराव पेपर वाचत बसले. "कशाला? काम कुठं हुतंय तितं?"

दोन महिन्यांनी, पौषात, सकाळी सातला कृष्णातचा फोन आला. "मामा, आई गेली. झोपेतच गेली. तुमी या, मग उचलू."

कऱ्हाडला दुकान उघडायची वाट बघत हंबीरराव फुटपाथवर उभे राहिले. गेलेल्या लेकीच्या अंगावर माहेरचं लुगडं घालायचं असतं, ते भावानंच आणायचं असतं. दुकानदारानं विचारलं, "कुठला रंग दावू?" यांना सांगता येईना. चौदा वर्षं साड्या नेल्या, पण त्या मालनबाईंनी घेतलेल्या. आक्काला कुठला रंग आवडतो हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. शेवटी हिरवं घेतलं.

कडेगावला आक्काच्या अंगणात माणसं बसली होती. हंबीरराव दिसताच कुणीतरी म्हणालं, "आला भाऊ. आता उशीर नगं." लुगडं घालायला बायका पुढं झाल्या. आक्काचा उजवा हात चादरीबाहेर होता. हंबीररावांनी तो हात बघितला, त्याचा अंगठा बघितला, आणि त्यांच्या मनात जे आलं ते कुणाला सांगायची सोय नव्हती. मनात आलं, सही राहिली. आता एका सहीच्या जागी दोन सह्या, कृष्णातची आणि त्याच्या बहिणीची. बहिणीच्या मढ्यापाशी उभं राहून त्यांनी सह्या मोजल्या! लगेच स्वतःचीच इतकी किळस आली की ते भिंतीला धरून खाली बसले. लोकांना वाटलं, दुःखानं बसले.

दहाव्याला नदीवर कावळा शिवेना. कृष्णातनं हात जोडले, त्याच्या बहिणीनं जोडले, भावकीतले म्हातारे झाले. तासभर झाला. मग एक म्हातारा म्हणाला, "भावाला बोलवा रं पुढं." हंबीरराव पिंडापुढं उभे राहिले. त्यांनी हात जोडले. शेवटी हळूच म्हणाले, "आक्का, मला तुझी सही नगं." कावळा शिवला. लोक म्हणाले, भावात जीव अडकला होता. हंबीररावांना वाटलं, म्हणजे मी म्हटलं तेच खरं, सही द्यायची नव्हती तिला. माणसाचं मन किती आडमुठं असतं बघा.

दुपारी जेवणं आटोपली, पाव्हणे पांगले. कृष्णातनं मामाला माडीवर नेलं. तिजोरीतून दोन पाकिटं काढून त्यांच्यापुढं ठेवली.

पहिलं पाकीट हंबीररावांनी लगेच ओळखलं. त्यांच्याच वकिलाची नोटीस.

"आईला वाचाय येत न्हवतं, तुमाला ठाऊकच हाय," कृष्णात म्हणाला. "पोस्टमन आला तवा ती दारातच हुती. कुणाचं म्हणाली. मामाचं म्हणालो. काय लिवलंय म्हणाली. आता ते वाचून दावू व्हय मी तिला? मी म्हणालो, मामा रागाबद्दल माफी मागत्यात. पुढल्या भाऊबीजेला नक्की येतो म्हणत्यात."

हंबीररावांनी नोटीस पालथी घातली.

"माझं चुकलं मामा. मला वाटलं, तवर तुमी याल. तुमी आला न्हाईसा. तिनं सकाळपासनं पुरण घातलं. साताऱ्याहून सकाळची गाडी चुकली आसंल, दुपारच्या गाडीनं ईल म्हणाली. दुपारची गेली. मग दिवस मावळला. शेजारची राहीबाई आली आन् म्हणाली, आवं आक्का, भाऊ न्हाई आला तर चंद्राला ओवाळा, बिजेची कोर दिसतीय बघा. तर आई तिच्यावर अशी खवळली! म्हणाली, चंद्राला बिनभावाच्या ओवाळत्यात. मला भाऊ हाय."

खाली राणी भांडी घासत होती, त्यांचा आवाज येत होता. कृष्णातनं नोटीस बाजूला केली. त्यानं दुसरं पाकीट पुढं सरकवलं.

"आन् हे तिचं. म्या आसेपत्तोर बोलायचं न्हाई अशी शपथ घातलीती मला."

आत मृत्युपत्र होतं. रजिस्टर केलेलं, दोन साक्षीदारांच्या सह्यांचं. सुभेदारांनी आयुष्यात शेकडो कागद वाचले होते, बोट आपोआप ओळीवरनं फिरलं. गोडोली येथील मिळकतीतील माझा संपूर्ण हिस्सा माझ्या पश्चात माझा भाऊ हंबीरराव यास द्यावा, त्यास माझ्या मुलांची हरकत राहणार नाही. खाली आक्काचा अंगठा. ठसठशीत, एक रेघ पुसट नाही. शेजारी कचेरीतल्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो. डोक्यावरून पदर, नजर सरळ, ओठ घट्ट मिटलेले. त्यांनी तारीख बघितली. सहा वर्षांपूर्वीची. त्या वर्षीच्या भाऊबीजेनंतरचा पहिला सोमवार. "म्हैस व्याली आहे" म्हणाली होती ते वर्ष.

"सहा वर्सं?" हंबीररावांच्या तोंडातून एवढंच निघालं. "मग तवाच मला आंगठा का दिला न्हाई?"

"हेच इचारलं तिला तितल्या वकिलानं," कृष्णात म्हणाला. "म्हणाला, आज्जी, समदं भावालाच द्यायचं हाय तर आत्ताच हक्क सोडा की, मेल्यावर कशाला? तर आई हसली. म्हणाली, माझा भाऊ फौजेतला हाय वो. त्येला कुठं जायाला काम लागतं. आंगठा दिला की त्येचं काम झालं. मग त्यो काय म्हणून ईल?"

हंबीररावांनी कागद घडी घालून खाली ठेवला. मग पुन्हा उचलला. आणि मग चौसष्ट वर्षांचा तो बाप्या भाच्याच्या मांडीवर डोकं ठेवून हंबरडा फोडून रडला. राणी पदराला हात पुसत जिन्यात आली आणि तिथंच थांबली. "फसवलं मला आक्कानं," ते म्हणत होते. "दर साली यायला लावलं, आन् म्या येडा कागद घिऊन येत हुतो."

पुढचं सगळं सरळ झालं. मृत्युपत्रावरून उताऱ्याला एकट्या हंबीररावांचं नाव लागलं. साताऱ्याचा वकील म्हणाला, "आता कागद काचेसारखा स्वच्छ आहे." चैत्रात खरेदी झाली. जयराज आणि शिवांजलीनं पेढे आणले. मालनबाई लिफ्टच्या घरात गेल्या आणि पहिल्याच संध्याकाळी स्वतःच्या पायांनी रस्त्यावर येऊन भाजी घेऊन आल्या. जागा सोडताना सुभेदारांनी शिवांजलीला घर फिरून दाखवलं. मधल्या खोलीत थांबले. "हितं माझी आक्का मला कडेवर घिऊन उभी राह्याची," ते म्हणाले. "बाप ड्युटीवरनं यायचा, त्येची वाट बघत." मग आपल्याच सल्ल्याची आठवण झाली आणि ते गप्प झाले. पोरगी म्हणाली, "सांगा की काका." सुभेदारांनी किल्ली तिच्या हातात ठेवली.

लोक अजून येतात. आता लिफ्टनं येतात. बॅटरी, डायरी, गोटी, सगळं तसंच. फक्त शेवटचं ते बोट उगारून सांगणं बंद झालंय. कागदात बहीण सापडली की सुभेदार चष्मा काढतात आणि विचारतात, "शेवटचा कवा गेलावतास तिच्याकडं? बिनकामाचा?" लोकांना वाटतं, म्हातारा विषय सोडून बोलायला लागला.

या वर्षीच्या भाऊबीजेला हंबीरराव पहाटेच उठले. मालनबाईंनी न विचारताच पिशवी पुढं केली. कऱ्हाडला गाडी बदलली, दुपारच्या आत कडेगाव आलं. कृष्णात मळ्यात गेला होता. राणी अंगण झाडत होती. मामांना दारात बघून तिच्या हातातला खराटा तसाच राहिला. तिनं पाणी दिलं, घोंगडं अंथरलं आणि पिशवीकडं बघत दबकत विचारलं, "मामा, कागदाचं अजून काय राह्यलंय का? काय काम काढलंसा?"

हंबीररावांनी पिशवी उलटी करून दाखवली. तिच्यात काहीच नव्हतं.

"काम न्हाई गं पोरी," ते म्हणाले. "त्या टायमाला ताटावरनं उठून गेलोतो. जेवाय आलोय."